पॅरिटी आणि एकी-बेकी

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या एका शिक्षिकाताईंचा प्रश्न आहे. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी त्या कंत्राटी शिक्षकांच्या पगारावर लेख लिहीत आहेत. ‘पे पॅरिटी’ला त्यांनी ‘वेतनातला सारखेपणा’ म्हटलं, संपादकांनी ते खोडून ‘वेतनसमता’ केलं. तेवढ्यात अकरावीतल्या मुलाच्या कॉम्प्युटरच्या पुस्तकात ‘पॅरिटी बिट’ निघाला आणि तिथे पगाराचा काहीच संबंध नाही. तर या शब्दाचा अर्थ काय, आणि मराठीत लिहायचं काय?

ताई, आधी मुलाचं पुस्तक घेऊ, कारण शब्दाचं मूळ तिथेच दिसतं. लहानपणी आपण एकी-बेकी खेळायचो. मुठीत चिंचोके लपवायचे आणि समोरच्याने ओळखायचं. मूठ उघडली की दोन-दोन चिंचोके बाजूला सारायचे. शेवटी एक उरला तर एकी, काहीच उरलं नाही तर बेकी. शेजारच्या गुजराती घरांतही हा शब्द असाच चालतो. प्राचीन रोममध्येही हा खेळ होता आणि लॅटिनमध्ये त्याचं नाव ‘पार इम्पार’, म्हणजे सम-विषम. याच ‘पार’पासून पॅरिटी आला.

‘पार’चा दुसरा अर्थ समान, तोडीचा. आता आपला ‘सम’ पाहा. सम संख्या आणि समभुज त्रिकोण, विषम संख्या आणि आर्थिक विषमता. दोन्ही अर्थ एकाच शब्दात, अगदी लॅटिनसारखे. प्रत्येकाला जोडीदार मिळाला, एकटं कोणी उरलं नाही, की हिशोब सम झाला. इतक्या दूरच्या दोन भाषांनी ‘बेकी’ आणि ‘बरोबरी’ यांना एकाच शब्दात बांधावं, याचा मला आजही आनंद वाटतो.

पॅरिटी बिट म्हणजे यंत्राची एकी-बेकीच. इंग्रजी ‘सी’ हे मोठं अक्षर कॉम्प्युटरमध्ये १००००११ असं लिहितात. त्यात एक हा अंक तीनदा येतो, म्हणजे एकी. बेकी करायची असं ठरलं असेल तर पाठवणारा शेवटी आणखी एक १ जोडतो, तोच पॅरिटी बिट. पलीकडे मोजणी एकी भरली, तर वाटेत काहीतरी बिघडलं हे कळतं. दोन ठिकाणी बिघडलं तर मात्र बेकी पुन्हा जुळते आणि चूक निसटते.

‘पीअर’, ‘पेअर’ हे याच घराण्यातले. आणि अम्पायरही! जुन्या फ्रेंचमध्ये ‘नोंपेर’ म्हणजे जोडीत न बसणारा, दोघांच्या वादातला तिसरा. इंग्रजीत ‘अ नंपायर’चा ‘न’ सरकून आधीच्या ‘अ’ला चिकटला आणि ‘अॅन अम्पायर’ झाला. मोतीबागेच्या मैदानावर पांढऱ्या कोटात उभा असलेला माणूस शब्दाच्या मुळाप्रमाणे ‘एकी’ आहे. (बाळंतपणाच्या कागदांवरची पॅरिटी मात्र वेगळी. ती ‘जन्म देणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून आली आहे, तिला इथे ओढू नये.)

आता तुमचा पगार. ‘सारखेपणा’ इथे चालत नाही. दोन बांगड्या सारख्या असतात, जुळी मुलं सारखी दिसतात. पॅरिटीत दोन्ही बाजू वेगळ्याच राहतात, फक्त तोल सारखा होतो. क्रयशक्तीच्या पॅरिटीत, म्हणजे दोन देशांत पैशाला किती माल मिळतो याच्या तुलनेत, रुपया काही डॉलर होत नाही. २०१७ साली बाजारात एका डॉलरला सुमारे ६५ रुपये पडत होते, पण अमेरिकेत एका डॉलरला जेवढं मिळे तेवढं इथे साधारण २०.६५ रुपयांत मिळत होतं. नाणी दोन, पिशवीतला माल तेवढाच. पगाराचंही तसंच. दिल्ली पोलिसांतला एक चालक-शिपाई सर्वोच्च न्यायालयात गेला. इतर सरकारी खात्यांतल्या चालकांएवढं वेतन मला का नाही, हा त्याचा प्रश्न होता. आपलं खातं आणि त्यांचं खातं एकच आहे असं त्याचं म्हणणं नव्हतं, आणि १९८२ साली न्यायालयाने त्याची मागणी मानली.

‘समता’ तर मला फार मोलाचा शब्द वाटतो, म्हणूनच तो इथे नको. समता सगळ्या समाजाची असते. पॅरिटीला मात्र लगेच विचारावं लागतं: कुणाशी? हा ‘शी’ ज्याला सहज लागतो तो आपला शब्द म्हणजे बरोबरी. ‘बरोबर’ आला फारसी ‘बराबर’वरून. ‘बर’ म्हणजे छाती. छातीला छाती लावून उभे राहिलेले दोघे, कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. पॅरिटीचं याहून नेमकं चित्र मला तरी सापडलेलं नाही. आणि पाढ्यांच्या वयापासून आपण दोन अधिक दोन ‘बरोबर’ चार म्हणतच आलो आहोत.

बरोबरीत एक अडचण आहे, ती मान्य करतो. ‘माझी बरोबरी करतोस?’ यात वरच्याचा तोरा ऐकू येतो, आणि अर्जाच्या भाषेत तो खटकेल. तिथे ‘वेतन समानता’ लिहावं. आपल्याच शहरात १९३१ साली सयाजीराव महाराजांच्या राज्यात शासन शब्दकल्पतरु निघाला होता. त्यात इंग्रजी कारभारी शब्दांसमोर मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी असे प्रतिशब्द मांडले होते. कचेरीला एकच ठाम शब्द लागतो हे त्या काळीही ओळखलं होतं.

लेखाच्या मथळ्यात ‘वेतन समानता’ ठेवा. आत मात्र असं लिहून पाहा: ‘आम्ही तेच वर्ग घेतो, त्याच वह्या तपासतो, नियमित शिक्षकांशी पगारात बरोबरी हवी.’