लायसन्स निलंबित, चलनं थकलेली आणि पॉलिसी संपत आली: आधी काय करायचं?

प्रश्न: मी साताऱ्यात राहतो, नोकरी शिरवळला. २०१९ ची पेट्रोल कार आहे, १,१९७ सीसी, आजवर एकही क्लेम नाही. महामार्गावर वेगाची सात ई-चलनं थकली आहेत. शिवाय दारू पिऊन गाडी चालवल्याची केस झाली. कोर्टात दंड भरला आणि आरटीओने लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. पॉलिसी पुढच्या आठवड्यात संपते. एजंट म्हणतात, चलनं भरल्याशिवाय रिन्यूअल होणार नाही आणि केस असल्यामुळे थर्ड पार्टीचा (अपघातात दुसऱ्याला झालेल्या हानीच्या विम्याचा) हप्ता दुप्पट लागेल. हे खरं आहे का? नाहीतर तीन महिने पॉलिसी न काढता गाडी अंगणात उभी ठेवली तर? आणि अगदी गरज पडली तर शिरवळपर्यंत चालवली तर चालेल का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सर्वात मोठा धोका तिथे आहे. चालवू नका. एकदाही नाही.

निलंबनाच्या काळात गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पण दंडापेक्षा कलम १५० जास्त महत्त्वाचं आहे. अपघातग्रस्ताला भरपाई देण्याची जबाबदारी नाकारण्यासाठी विमा कंपनीला जे मोजके बचाव मिळतात, त्यात ‘चालक लायसन्ससाठी अपात्र ठरवलेला होता’ हा एक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दारूच्या अमलाखाली चालवणं हाही त्यात स्पष्ट शब्दांत आला. खंबाटकी घाटात तुमच्या गाडीची धडक बसून कोणी दगावलं, तर मोटार अपघात न्यायाधिकरण वय आणि उत्पन्न पाहून भरपाई ठरवतं आणि ती रक्कम लाखांत जाते. अनेक निकालांत कंपनीला आधी पैसे भरायला सांगून ते गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभा दिलेली आहे. म्हणजे पॉलिसी चालू असूनही वसुली तुमच्या पगारावर आणि घरावर येते. तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम तर नाकारला जाईलच, पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही अडकेल.

तुमच्या गाडीचा विमा तुम्ही चालवण्यापुरता नसतो. पत्नी, भाऊ किंवा पगारी ड्रायव्हर, ज्यांच्याकडे चारचाकीचं वैध लायसन्स आहे ते तुमच्या परवानगीने चालवू शकतात आणि पॉलिसी त्यांना लागू होते. त्यांचं लायसन्स परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर तपासा, मुदत संपली असेल तर हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. लायसन्स नसलेल्याला किल्ली दिलीत तर कलम १८० खाली गाडीमालक म्हणून तुम्हीही आरोपी होता. पगारी ड्रायव्हर ठेवणार असाल तर त्याच्या दुखापतीची मालकावर येणारी जबाबदारी पॉलिसीत जोडून घ्या. तिचा जादा हप्ता किरकोळ असतो.

आता एजंटचं म्हणणं. थर्ड पार्टीचा हप्ता कंपनी ठरवतच नाही, केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवतं. १ जून २०२२ पासूनच्या दरांनुसार खासगी कारला वर्षाला १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये. तुमची गाडी मधल्या गटात येते: ३,४१६ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ४,०३१ रुपये. या दरात चालकाच्या केसेसचा कुठेही संबंध नाही. सात चलनं असोत वा सत्तर, आकडा तोच. विमा नियामकाने नेमलेल्या गटाने जानेवारी २०२१ मध्ये वाहतूक नियमभंगानुसार वेगळा हप्ता लावण्याची शिफारस केली होती. ती बातमी अजून फिरते आणि बरेच एजंट ती लागू झाल्यासारखी सांगतात. शिफारस म्हणजे नियम नव्हे.

चलनं थकली म्हणून कंपनी रिन्यूअल अडवू शकते, असंही कायदा म्हणत नाही. थकबाकीमुळे अडतात ती आरटीओतली कामं: गाडी विकताना नावबदल, एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र). पीयूसीचा नियमही असाच लोकांच्या डोक्यात राहिला आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीशिवाय विमा देऊ नये असा आदेश दिला होता, पण ती अट जुलै २०२४ मध्ये काढली. पीयूसी मात्र काढून ठेवा, रस्त्यावर ते लागतंच.

एजंट बरोबर ठरू शकतात ते ‘ओन डॅमेज’ भागात, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. तिथे कंपनी जोखीम पाहून दर कमी-जास्त करू शकते. म्हणून एकाच आयडीव्हीवर (विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीवर) तीन कंपन्यांचे कोटेशन घ्या आणि थर्ड पार्टी, ओन डॅमेज, अॅड-ऑन (जोडून घेतलेलं जादा संरक्षण) हे तिन्ही आकडे वेगळे लिहून मागा. एकूण रक्कम पाहून काहीच कळत नाही. प्रपोजल फॉर्ममध्ये शिक्षा किंवा लायसन्स निलंबनाबद्दल विचारलं असेल तर खरं लिहा. फॉर्म एजंटने भरला तरी सही तुमची असते, आणि खोटं उत्तर क्लेमच्या वेळी कंपनीच्या हाती आयतं कारण देतं.

गाडी विम्याशिवाय उभी ठेवण्याचा विचार सोडा. विमा नसलेली गाडी सार्वजनिक जागी वापरली तर कलम १९६ खाली पहिल्यांदा दोन हजार, पुन्हा चार हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अंगणात उभी असेल तर दंड नाही, पण चोरी आणि आग यांचं संरक्षणही नाही. याहून नेमकी अडचण नव्वद दिवसांची आहे. पॉलिसी संपून नव्वद दिवस उलटले की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यात मिळणारी सूट, जातो. एकही क्लेम नसल्याने तुमचा बोनस पन्नास टक्क्यांवर असायला हवा. समजा ओन डॅमेजचा मूळ हप्ता सात हजार आहे, तर आज तुम्ही साडेतीन हजार भरता. बोनस गेला की पूर्ण सात, वर जीएसटी: एका वर्षात ४,१३० रुपये जादा, आणि बोनस पुन्हा वीस टक्क्यांपासून सुरू. निलंबनाची मुदत तीन महिन्यांची, वर रिफ्रेशर प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय लायसन्स परत मिळत नाही. म्हणजे ‘लायसन्स आलं की पॉलिसी काढू’ म्हणालात तर नव्वद दिवसांची रेषा अगदी सहज ओलांडाल. मुदत संपल्यावर गाडीची तपासणीही करावी लागते. म्हणून पॉलिसी संपण्याच्या दोन-तीन दिवस आधीच पैसे भरा आणि नवी पॉलिसी जुनीच्या शेवटच्या क्षणापासून सुरू होते का, ते तारीख आणि वेळेसह पाहा.

निलंबनाचा आदेश हातात घेऊन वाचा. तो आरटीओचा असेल तर मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं. त्यात कारणं लिहिलेली आहेत का आणि तुमचं म्हणणं ऐकलं होतं का, हे दोन मुद्दे आधी तपासा. दंड भरला म्हणजे कोर्टात गुन्हा कबूल झाला असण्याची शक्यता मोठी, म्हणून अपिलावर फार भिस्त ठेवू नका. तेवढ्या काळात प्रशिक्षणाची चौकशी करून जागा मिळवा.

चलनांचं म्हणाल तर महाट्रॅफिकच्या (राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या) पोर्टलवर गाडी क्रमांक टाकून प्रत्येक चलनाचा फोटो उघडा. नंबरप्लेट किंवा गाडी दुसऱ्याची दिसली तर तिथेच तक्रार नोंदवा. खरी असतील ती पोर्टलवर किंवा लोकअदालतीत निकाली काढा. आता पुन्हा नियमभंग झाला तर आधीचा रेकॉर्ड स्वच्छ नसल्याचं तुमच्याविरुद्ध सांगितलं जाईल.

एवढं करूनही एजंट अडला तर थेट कंपनीच्या शाखेत जा आणि नकार लेखी मागा. लेखी मागितलं की बहुतेक वेळा पॉलिसी निघते. नाही निघाली तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज द्या, नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवरही नोंदवा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर पुण्याचे विमा लोकपाल. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.