खरा ख्रिस्ती कोण, आणि बाप्तिस्मा कुणाचा धरायचा?

तुम्ही विचारलंय की कॅथलिक, प्रोटेस्टंट, पेंटेकॉस्टल सगळेच येशूला मानतात, तर मग एकमेकांना 'खरे ख्रिस्ती नाहीत' असं का म्हणतात? मी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला कॅथलिक. बायको नवापूरकडची, तिकडच्या प्रोटेस्टंट मंडळीतली. आमच्या घरात हा प्रश्न लग्नाच्या आधीच आला.

सोयरीक ठरवायला गेलो तेव्हा त्यांच्या पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, पहिलंच विचारलं, "बाप्तिस्मा कधी घेतला?" बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी. म्हटलं, चाळीस दिवसांचा असताना. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे तुम्ही घेतला नाही, तुम्हाला दिला. विश्वास ठेवून, पाण्यात बुडून घ्याल तोच खरा."

इकडे भुसावळला फादरांपुढे तिचा बाप्तिस्म्याचा दाखला ठेवला. चार घड्या पडलेला, कडेला तेलाचा डाग. त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन वाचला आणि दोनच गोष्टी विचारल्या: पाण्याने दिला ना? पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने ना? हो म्हटल्यावर म्हणाले, "मग ती ख्रिस्ती आहेच. पुन्हा द्यायचा प्रश्न नाही."

भांडण जुनं आहे. इ.स. 255-56 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे बिशप सिप्रियन म्हणत, चर्चमधून फुटून गेलेल्यांनी दिलेला बाप्तिस्मा धरायचाच नाही. रोमचे बिशप स्टीफन म्हणत, तो पुन्हा द्यायचा नाही. फादरांचे ते दोन प्रश्न स्टीफनच्याच बाजूचे. पाळकांचं म्हणणं मात्र 1525 साली स्वित्झर्लंडच्या झुरिच शहरात निघालेल्या एका गटासारखं. त्यांनी बाळपणीचा बाप्तिस्मा नाकारून मोठेपणी तो नव्याने घेतला. त्यापायी फेलिक्स मान्झ यांना 1527 साली लिम्मात नदीत बुडवून मारलं, आणि मारणारं शहर प्रोटेस्टंटच होतं. हे वाचल्यापासून मला पाळकांच्या त्या बोलण्याचा राग येत नाही. माणसांनी त्यासाठी जीव दिलाय.

माझं मत विचाराल तर, त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या एकाच देवाच्या, नावाने पाण्याचा बाप्तिस्मा झालेला आणि येशूला प्रभू मानणारा तो ख्रिस्ती. मग तो कोणत्याही मंडळीचा असो. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही 1964 साली अशांना बंधू म्हटलंय. यहोवाचे साक्षीदार हा पंथ येशूला मानतो, पण त्रैक्य मानत नाही, म्हणून बहुतेक चर्चेस त्यांना यात धरत नाहीत. मलाही ते पटतं, पण त्यातला कुणी दारात आला तर मी त्याला पाणी दिल्याशिवाय पाठवत नाही. कायद्याचं सोपं आहे. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात जो हा धर्म मानतो तो ख्रिस्ती. पंथ विचारलेला नाही.

पण एकमेकांना ख्रिस्ती मानलं म्हणजे सगळं मिटलं, असं होत नाही. लग्नाला बारा वर्षं झाली. भुसावळला मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या उपासनेत, मी प्रसाद घ्यायला रांगेत उभा राहतो तेव्हा बायको बाकावर बसून असते, कारण ती आमच्या पंथात आलेली नाही. नवापूरला प्रभुभोजनाचा, म्हणजे तिकडच्या प्रसादाचा, ट्रे फिरतो, द्राक्षरसाचे इवलेसे पेले लावलेला. तो माझ्यापाशी येतो तेव्हा मी तो दोन्ही हातांनी धरतो आणि न घेता तिच्याकडे सरकवतो. ती घेते, ट्रे पुढे देते आणि डोळे मिटते. मला दर वेळी वाईट वाटतं.