मुलाला जहाज चालतं, मग मुलीला ऑपरेशन थिएटर का नाही?

प्रश्न : आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले, सुन्नी मुसलमानांतल्या शाफई मताच्या जमातीचे. मुलगी एमबीबीएस झाली, इंटर्नशिप संपत आली आहे. तिला एमएस सर्जरी करायची आहे. इतक्या वर्षांत हॉस्टेलवर राहूनही तिने पाच वक्तांची नमाज सोडलेली नाही. पण तासन्‌तास ऑपरेशन चाललं की नमाज चुकणारच, म्हणून मी तिला रेडिओलॉजी घ्यायला सांगितलं आहे. थोरला मुलगा मर्चंट नेव्हीत इंजिनीअर आहे, त्याची चिंता नाही. तुम्ही मुलीची समजूत घाला.
– एक वडील

उत्तर : मुलाबद्दलचं ते एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. जहाजाच्या इंजिनरूममध्ये वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, सोडून जाता येत नाही, रात्री अलार्म वाजला की उठून खाली पळावं लागतं. तो बोटीवर चढला तेव्हा नमाजेचं काय, हे त्याला विचारलं होतंत का? नसेल, कारण तो त्याचं बघेल असा तुमचा विश्वास होता. मुलीने तर वॉर्डात रात्री काढूनही नमाज सांभाळली, हे तुम्हीच लिहिता. मग तिच्यावर विश्वास का नाही? मला वाटतं, तुमच्या मनात नमाजेसोबत आणखीही काही आहे. रात्रीच्या ड्युट्या, लग्नाचं वय, मोहल्ल्यातलं बोलणं. असेल तर ते तिच्याशी सरळ बोला. दीनचं, म्हणजे धर्माचं, नाव पुढे केलंत तर तिला तुमच्याशी वादही घालता येणार नाही, ती नुसती गप्प बसेल.

आता नमाजेचा मुद्दा. अजान झाली की त्याच मिनिटाला नमाज व्हायला हवी, हे गृहीत धरूनच तुम्ही हिशेब मांडला आहे. प्रत्येक नमाजेला ठरलेली मुदत असते. आपल्याकडे हिवाळ्यातही दुपारच्या जोहरला सुमारे तीन तास मिळतात, रात्रीच्या इशाला तर रात्र पडलेली असते. तंग असते ती सूर्यास्तानंतरची मगरिब, साधारण सव्वा तासाची. शाफई मतात प्रवासात आणि पावसात दोन नमाजा एकत्र करता येतात, हे तुम्हाला माहीत असेलच. पण गरज पडली आणि त्याची सवय केली नाही, तर मुक्कामी असतानाही तशी मुभा काही विद्वानांनी दिली आहे. त्यात शाफईही आहेत. तेराव्या शतकातले शाफई विद्वान इमाम नववी यांनी ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहावरच्या भाष्यात ते नोंदवलं आहे. बुडणाऱ्याला वाचवायला चालू नमाज तोडावी, यावर तर फकीह, म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार, एकमत आहेत. फतवा देणं माझं काम नाही. जमातीच्या जाणत्या आलिमांना विचारा, पण ‘सर्जरी चालेल का’ असं मोघम नको. पोट उघडलेला पेशंट टेबलावर आहे आणि मगरिबची वेळ संपत आली आहे, अशा वेळी काय करायचं, ते विचारा. आणि हा प्रश्न तिला स्वतःला विचारू द्या.

रेडिओलॉजीत निवांतपणा असतो, हाही समजच. अपघाताचा सीटी स्कॅन आणि रात्रीची सोनोग्राफी वेळ बघून येत नाहीत.

तिच्यासाठी थोडं. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांत दोन केसेसच्या मधे जोहर सहज होते. रक्त लागलेल्या कपड्यांवर नमाज नको, म्हणून धुतलेला एक जोड आणि ओढणी ड्युटीरूममध्ये ठेव. मगरिबला कॅज्युअल्टी भरलेली असेल तर सोबतच्या रेसिडेंटला पेशंट नावानिशी सोपवून जा, आणि त्याच्या जेवणाच्या वेळी तू त्याचे पेशंट सांभाळ. न सांगता मात्र कधीही उठायचं नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या पदव्युत्तर नियमांत वाजवी कामाचे तास, विश्रांती आणि साप्ताहिक सुट्टी लिहिलेली आहे. प्रत्यक्षात सर्जरीचं पहिलं वर्ष फार कठीण जातं, झोपही धड मिळत नाही. हे ऐकूनही सर्जरीच हवी असेल, तर घे.

पुढचा रस्ता तुम्हाला ठाऊक आहे : नीट पीजी, समुपदेशनाच्या फेऱ्या, तीन वर्षांचं एमएस. पसंतीक्रम भरण्याआधी तिने दोन-तीन कॉलेजांत जाऊन सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना भेटावं. युनिटमध्ये किती रेसिडेंट आहेत, ड्युटीरूम वेगळी आहे का, दहा मिनिटं मागितली तर वरिष्ठ देतात का, हे विचारावं. तिच्यासोबत तुम्हीही जा, पण तिथे तिला बोलू द्या.