वाचकांचे प्रश्न : चेक इंजिनचा दिवा परत परत का लागतो?

प्रश्न : माझी २०१२ची पेट्रोल गाडी आहे. चेक इंजिनचा दिवा लागला की तालुक्याच्या गॅरेजात मशीन लावून घालवून देतात, दोन-तीन दिवसांत तो परत लागतो. दर वेळी मशीनवर दोषाचा कोड पी ०१३५ येतो. पुढचा ऑक्सिजन सेन्सर नवा टाकला, तरी तेच. अॅव्हरेजही पडले आहे. गाडी रात्री कोठ्याशेजारी, सरकी-ढेपेच्या खोलीला लागून उभी असते. आता काय बदलावे?
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : सध्या काहीच बदलू नका, आधी मोजा. ऑक्सिजन सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो. त्याच्या आत एक छोटा हीटर असतो. त्याच्या सर्किटमध्ये बिघाड आहे, एवढेच हा कोड सांगतो. आणि त्या सर्किटमध्ये फ्यूज, वायर, कपलर (वायरींचा जोड) आणि ईसीयूही (इंजिन चालवणारा संगणक) येतात. सेन्सर ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही. हीटर बंद असला तर तो नुसत्या धुराच्या उष्णतेवर हळूहळू तापतो आणि तोवर ईसीयू अंदाजाने पेट्रोल सोडतो. घर ते वावर अशा छोट्या फेऱ्यांत अॅव्हरेज पडते ते यामुळेच. बहुतेक गाड्यांत सलग दोन फेऱ्यांत दोष सापडला तरच दिवा लागतो. म्हणून मशीनने घालवल्यावर एक-दोन दिवस बरे वाटते. बिघाड मात्र तसाच असतो.

आधी फ्यूज पाहा. मग इंजिन थंड असताना सेन्सरचा कपलर सोडा. चार वायरींपैकी एकाच रंगाच्या दोन वायरी बहुधा हीटरच्या असतात. सेन्सरच्या बाजूने त्यांच्यात मल्टिमीटरने ओहम मोजा. साधारण ५ ते १५ आले तर हीटर चांगला आहे. काहीच दाखवले नाही तर जळाला आहे. स्वस्तातल्या सेन्सरच्या हीटरचा ओहम वेगळा असला तरी हाच कोड येतो, तेव्हा गाडीच्या पुस्तिकेतला आकडा ताडून घ्या.

आता गाडीच्या बाजूचा कपलर. चावी फिरवून हीटरच्या पुरवठ्याच्या वायरीवर बॅटरीइतका व्होल्टेज यायला हवा (काही गाड्यांत इंजिन चालू असतानाच येतो). इथे पुष्कळ जण फसतात. वायरीची एकच तार शाबूत असली तरी मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवतो. म्हणून ती वायर आणि बॉडी यांच्यामध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा. मंद पेटला तर वायर कुठेतरी कुरतडलेली किंवा गंजलेली आहे. ईसीयूकडे जाणाऱ्या वायरीला मात्र बल्ब लावू नका. ती तपासताना बॅटरी काढून, ईसीयूचा कपलर सोडून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओहम मोजा आणि मोजताना वायर हलवत राहा. आकडा १ ओहमच्या आत स्थिर राहिला पाहिजे.

सरकी-ढेपेजवळ उभ्या गाडीत आमचा पहिला संशय उंदरावर. बॅटरीखाली, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) लागून आणि सायलेन्सरच्या वरच्या बाजूला वायरिंगची टेप सोडून पाहा. तुटलेली वायर सोल्डर करून हीट-श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळणारी) चढवा. नुसती पिळून टेप गुंडाळली तर पावसाळ्यात ती पुन्हा गंजते. सेन्सरच्या स्वतःच्या वायरींना मात्र सोल्डर करू नका आणि त्याच्या कपलरमध्ये ग्रीस भरू नका. अनेक सेन्सर त्या वायरींच्या आतूनच बाहेरची हवा घेतात.

काम झाल्यावर कोड पुसा. गाडी रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी सुरू करून १५ मिनिटे चालवा, दुसऱ्या दिवशीही तसेच करा. मग गॅरेजच्या मशीनवर (स्कॅनर) ‘पेंडिंग’ कोड, म्हणजे दोष दिसला पण अजून दिवा लागलेला नाही असा कोड, पाहा. तिथे काही नसेल तर काम झाले. आणि गाडीची जागा बदला, नाहीतर नवी वायरही कुरतडली जाईल.

प्रश्न : दिवा लुकलुकतो आणि गाडी झटके देते. तशीच शहरापर्यंत न्यावी का?
– एक वाचक, हिंगणघाट (जि. वर्धा)

उत्तर : नाही. लुकलुकणारा दिवा म्हणजे सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या मार्गातला धूर शुद्ध करणारा डबा) जाऊन तिथे जळते आहे. अॅक्सिलरेटर सोडा, हळू बाजूला घ्या आणि बंद करा. वाळलेले गवत किंवा पऱ्हाटीच्या ढिगावर गाडी उभी करू नका, कन्व्हर्टर तापून खालचे पेट घेऊ शकते. बहुधा प्लग किंवा इग्निशन कॉइल निघते. कोड पी ०३०२ (दुसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही) असेल तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर टाकून बघा. कोड बदलून पी ०३०३ (तिसरा सिलिंडर) झाला तर कॉइलच खराब आहे.