नव्या गोदामाची जागा मागणीचा गुरुत्वमध्य काढून ठरवावी का?

तुमच्या कंपनीची तीन गोदामे आहेत, चौथे काढायचे आहे आणि ग्राहकांच्या मागणीचा गुरुत्वमध्य, म्हणजे मागणीचा भार देऊन काढलेले ग्राहकांचे सरासरी स्थान, जिथे येईल तिथे जागा घ्यावी का, असे तुम्ही विचारले आहे. घेऊ नये. इतक्या ठामपणे सांगतो, कारण याच रीतीने निवडलेल्या एका गोदामात मी पाच वर्षे पाठवणीचे काम सांभाळले आहे.

निवडीच्या त्या बैठकीत मी सर्वांत कनिष्ठ होतो. आमच्या वरिष्ठांनी प्रत्येक ग्राहकाचे अक्षांश-रेखांश घेतले, त्यांना वार्षिक टनांचा भार दिला, सरासरी काढली आणि नकाशावर खूण केली. मी म्हणालो की सरासरीमुळे अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होते. आपण मात्र भाडे किलोमीटरवर देतो, त्याच्या वर्गावर नव्हे. फळ्यावर एक सरळ रस्ता काढून सारख्या मागणीचे तीन ग्राहक ०, २० आणि १३० किलोमीटरवर दाखवले. सरासरी ५० वर येते आणि तिथून तिघांची अंतरे मिळून १६० किलोमीटर होतात; गोदाम मधल्या ग्राहकापाशी ठेवले, तर १३०. दूरचा एकटा ग्राहक सरासरीला आपल्याकडे ओढून नेतो. ‘हे पुस्तकी आहे’ एवढेच उत्तर मिळाले. पुस्तकी ते आहेच: एकूण वाहतूक कमीत कमी होईल अशी जागा कोणती, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्ये मांडला होता आणि गणितज्ञ वाइसफेल्ड यांनी १९३७ मध्ये दिलेली, टप्प्याटप्प्याने उत्तराजवळ नेणारी रीत आज एक्सेलच्या एका पानावर मावते.

तरीही खरे नुकसान जागेने केले नाही. जागा आधी आणि माल नंतर, असा क्रम लावल्यामुळे प्रत्येक गोदामात प्रत्येक वस्तू ठेवायची, हे कोणीही न तपासता ठरून गेले. संथ खपाच्या वस्तू सगळीकडे थोड्याथोड्या पडून राहिल्या. एका गोदामात धूळ खाणारी वस्तू दुसऱ्यात नेमकी संपलेली असे, आणि ती एका गोदामातून दुसऱ्यात हलवण्यासाठी मी अर्धे रिकामे ट्रक पाठवत असे. गोदामांची मागणी सारखी आणि परस्परांपासून स्वतंत्र असेल, तर सुरक्षित साठा, म्हणजे मागणी अचानक वाढली तर हाताशी असावा म्हणून ठेवलेला जादा माल, एकूण गोदामांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ४ गोदामांची ९ झाली की दीडपट. वेगाने खपणाऱ्या, ट्रक भरून जाणाऱ्या मालाला जवळचे गोदाम परवडते. महिन्यातून एकदा विकल्या जाणाऱ्या वस्तूला परवडत नाही.

म्हणून प्रत्यक्ष मिळू शकणाऱ्या जागांची यादी करावी, प्रत्येकीचे भाडे आणि मनुष्यबळाचा स्थिर खर्च लिहावा, आणि कोणती जागा उघडायची व कोणती वस्तू कोणत्या ग्राहकाला कुठून द्यायची, हे दोन्ही एकाच गणितात सोडवावे. जुन्या तीन गोदामांचे ग्राहकही त्यात नव्याने वाटू द्यावेत, कारण चौथे उघडल्यावर त्यांच्या हद्दी बदलतातच. जेफ्रियन आणि ग्रेव्हज या संशोधकांनी १९७४ मध्ये अनेक वस्तूंसाठी असे गणित सोडवून दाखवले होते, त्यामुळे ‘हे प्रत्यक्षात जमत नाही’ हे मला तेव्हा मिळालेले दुसरे उत्तरही चुकीचेच होते.

हे मात्र सांगायला हवे की पहिल्या चाळणीसाठी, साधारण कोणत्या पट्ट्यात जागा शोधायची एवढे कळण्यासाठी, गुरुत्वमध्य चालतो. ग्राहक चहूबाजूंनी सारखे विखुरलेले असतील, तर तो फारसा चुकतही नाही. शिवाय सर्वोत्तम आणि त्याखालोखालच्या जागांच्या एकूण खर्चात बरेचदा इतका थोडा फरक असतो, की मागणीच्या अंदाजातली चूक त्याहून मोठी निघते. तेव्हा जागेवर भांडत बसू नका. संथ खपाचा माल एकाच गोदामात ठेवला तर एकूण खर्च किती येतो, हा आकडा मात्र भाडेकरारावर सही होण्याआधी मागा आणि तो बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. मी तो तोंडी मागितला होता.