प्रश्न तुमचे: उजनीच्या बेटावर मुक्काम करावा का?

प्रश्न : ताई, मुलीची दहावीची परीक्षा झाली की एप्रिलमध्ये आम्ही दोन कुटुंबं उजनी धरणाच्या पाण्यातल्या एखाद्या बेटावर तंबू टाकून एक रात्र राहणार आहोत. मुलीला पक्ष्यांचं फार वेड आहे. चूल पेटवणार नाही, कचऱ्याचा कागदही मागे ठेवणार नाही. निसर्गाला धक्का न लावता राहता येईल असं बेट सुचवाल का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तुम्ही कचऱ्याचा आणि चुलीचा विचार आधीच केलाय, म्हणून मीही आडपडदा न ठेवता सांगते. एप्रिलमध्ये बेटावर तंबू टाकू नका. पायसुद्धा ठेवू नका.

काठावरून बघितलं तर ती बेटं ओसाड दिसतात. भेगाळलेला गाळ, थोडे दगड, वाळकं गवत. पण मार्च ते मे हे नदी सुरय आणि आर्ली या पक्ष्यांच्या विणीचे दिवस. त्यांचं घरटं म्हणजे टिटवीसारखं, उघड्या जमिनीत केलेला जरासा खळगा. त्यात दोन-तीन अंडी, आणि रंग असा की खडा कुठला आणि अंडं कुठलं ते कळत नाही.

मला हे ठाऊक असायला हवं होतं, तरी एकदा माझ्या हातून चूक झाली. काही वर्षांपूर्वी आम्ही सहा जण एप्रिलच्या अखेरीस अशाच एका बेटावर उतरलो. डब्यातले पोहे खाल्ले, थर्मासमधला चहा घेतला. डोक्यावर सुरय ओरडत घिरट्या घालत होते आणि आम्ही हौसेने फोटो काढत होतो. अर्ध्या तासाने नाववाले दादा माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "ताई, पाय जपून टाका. खाली अंडी हायती." माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर दोन अंडी होती. ऊन चढलेलं होतं. या पक्ष्यांना अंडी नुसती उबवायची नसतात, उन्हापासून वाचवायचीही असतात. ते पाण्यावर जातात, पोटाची पिसं भिजवतात आणि ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसतात. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात उघडं पडलेलं अंडं किती वेळ तग धरणार? आम्ही तिथे चहा पीत होतो तेवढा वेळ त्या जोडीला खाली उतरता आलं नव्हतं. तुमचा मुक्काम तर अख्ख्या रात्रीचा, आणि तंबू आवरेपर्यंत सकाळचं ऊनही वर येणार.

त्यात उन्हाळ्यात ही बेटं आधीच अडचणीत असतात. उजनीत एकूण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा, म्हणजे तळाचं, वापरात न धरलेलं पाणी. पाणी त्या साठ्यात उतरलं की टक्केवारी उणे मोजतात. दर उन्हाळ्यात 'उजनी उणे इतके टक्के' अशी बातमी आपण वाचतो, तेव्हा तिकडे बेट आणि काठ यांच्यामधलं पाणी आटत असतं. एकदा का वाट कोरडी झाली, की कुत्री आणि मेंढरं थेट घरट्यांपर्यंत पोचतात. आपल्या सोलापूरच्या नळाला येणारं बरंचसं पाणीही याच धरणातलं. म्हणून मला वाटतं, त्या बेटांबद्दल आपण दोन पावलं जास्तच मागे राहावं. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी आणि घरटी विस्कळीत करणं हे शिकारीतच धरलं आहे.

मग हिवाळ्यात बेटावर जावं का, असं मुलगी विचारेल. तेव्हाही नको. पट्टकादंब हे रानहंस हिमालय ओलांडून आलेले असतात. रात्री ते हरभऱ्याच्या, गव्हाच्या रानात चरतात आणि दिवसा अशाच मोकळ्या बेटांवर विसावतात.

मुक्काम काठावर करा. भिगवणजवळच्या कुंभारगावात मासेमारी करणारी कुटुंबं राहण्याजेवणाची सोय करतात. गाव इंदापूर तालुक्यातलं, सोलापूरहून साधारण दीडशे किलोमीटर. तंबूचीच हौस असेल तर त्यांना विचारून त्यांच्या अंगणात टाका. तुमचा पैसा त्या घरात गेला, तर पक्षी टिकवण्यात त्यांचाही फायदा राहील. चिलापी माशाचं कालवण तिथेच खा. वाटेसाठी आपली कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा फडक्यात बांधून न्या. याहून सोयीचं, न नासणारं, वेष्टणाशिवायचं प्रवासाचं जेवण मला तरी माहीत नाही.

नाव पहाटे घ्या, उजाडता उजाडता निघेल अशी. रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा थवा दिसला की लांबूनच इंजिन बंद करायला आणि बांबूने नाव रेटायला सांगा. लोक नाववाल्याला "जरा उडवा की, फोटो चांगला येईल" म्हणतात आणि त्यालाही नाही म्हणणं जड जातं, कारण पोट त्यावर आहे. तुम्ही निघण्यापूर्वीच सांगा, "दादा, एकही पक्षी उडवायचा नाही." रोहित मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळत खातात. हे काम तासन्‌तास चालतं आणि दर वेळी उडवलं की तेवढं खाणं बुडतं. पक्षी माना वर करून एका दिशेला चालू लागले, की आपण फार जवळ आलो असं समजा आणि मागे फिरा. ड्रोन नको, स्पीकर नको. दुर्बीण मात्र मुलीला वेगळी द्या, एकीत सगळ्यांचं भागत नाही.

एक गोष्ट मोडू नका. दुपारनंतर पाण्यात जाऊ नका. वळवाचा वारा उजनीवर क्षणात उठतो. २१ मे २०२४ ला करमाळ्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जण गेले. लहानमोठ्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असल्याशिवाय नाव सुटू देऊ नका. कमी पडत असतील तर दोन फेऱ्या करा.

नाववाल्याला सांगून बेटापासून बऱ्याच अंतरावर थोडा वेळ थांबा. ओल्या पोटाने परतणारा सुरय मुलीला दुर्बिणीतून दिसेल. मी तो पहिल्यांदा नीट पाहिला, तो असाच नावेतून. आणि हो, सोलापुरी चादर माणशी एक घ्या. एप्रिल असला तरी पहाटे पाण्यावरून गार वारा येतो.