ऑकमचा वस्तरा ऑकमवरच

चौदाव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ विल्यम ऑकम याने ‘सामान्या’बद्दलचं (म्हणजे ‘माणूस’सारख्या, अनेकांना लागू होणाऱ्या कल्पनेबद्दलचं) मत आपणहून बदललं की कुणाच्या टीकेमुळे, असा प्रश्न आहे. माझ्या मते मुख्यतः टीकेमुळे, आणि टीकाकार वॉल्टर चॅटन. दोघेही फ्रान्सिस्कन पंथाचे ख्रिस्ती संन्यासी, १३२१ ते १३२४ च्या सुमारास बहुधा लंडनच्या एकाच मठात राहणारे.

त्याआधी ऑक्सफर्डच्या व्याख्यानांत (१३१७-१९) ऑकम सांगत होता की ‘माणूस’ ही सामान्य कल्पना म्हणजे बुद्धीने रचलेलं ‘फिक्टम’. ते बाहेर जगात नाही, मनाचा गुणही नाही. विचाराचा विषय होण्यापुरतंच त्याचं असणं. या असण्याला लॅटिनमध्ये ‘एस्से ओब्येक्टिवुम’ म्हणतात. इथे आजचा ‘ऑब्जेक्टिव्ह’ डोक्यात ठेवून वाचलंत तर अर्थ जवळपास उलटा लागतो. फिक्टम हवं कशाला? सोन्याचा डोंगर कुठेच नाही, तरी त्याचा विचार करता येतो. मग त्या विचारापुढे काहीतरी असायला हवं ना!

चॅटनचं म्हणणं: विचार करण्याची क्रिया तर तुम्हीही मानता. तीच अनेक माणसांची खूण होत असेल, तर मध्ये हे तिसरं कशाला? म्हणजे गरजेपेक्षा जास्त वस्तू मानू नका, हा ऑकमचाच ‘वस्तरा’ ऑकमवर. आपल्या नैयायिकांनी यावर ‘कल्पनागौरव’ (गरज नसताना जास्त गोष्टी मानण्याचा दोष) असा शेरा मारला असता. गंमत म्हणजे हाच चॅटन एरवी काटकसरीच्या विरोधात: विधान खरं ठरायला तीन वस्तू पुरत नसतील तर चौथी माना, हा त्याचा नियम.

ऑकम एका दिवसात हलला नाही. अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘पेरी हेर्मेनेइआस’वरच्या भाष्यात तो दोन्ही मतं शेजारी मांडतो. ‘सुम्मा लॉजिके’ या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात (१.१२) कौल क्रियेकडे जातो: कमीत भागतं तिथे जास्त मानणं व्यर्थ. ‘क्वोडलिबेट’ या वादसभांतल्या प्रश्नोत्तरांच्या संग्रहात (४.३५) तर फिक्टम वस्तूच्या ज्ञानाआड येतं, असं तो स्वतःच म्हणतो.

याच क्रमाने वाचा. फसगत होते ती ‘ऑर्डिनाशिओ’त, म्हणजे ऑक्सफर्डच्या व्याख्यानांच्या त्याने स्वतः सुधारलेल्या प्रतीत (१.२.८): तिथे ऑकमने नंतर भर घातली आहे, त्यामुळे जुनं-नवं मत एकाच प्रश्नात भेटतं. आणि चॅटनचं नाव शोधत बसू नका. समकालीन प्रतिपक्षाला नाव न घेता ‘काही जण’ म्हणायची तेव्हाची रीत होती.

सगळीकडे तो नमला असंही नाही. नसलेल्या वस्तूचं साक्षात ज्ञान (वस्तू आहे की नाही हे थेट कळवणारं ज्ञान) देव घडवू शकतो, हे त्याने सोडलं नाही. ‘क्वोडलिबेट’ ५.५ मध्ये फक्त एवढी फोड केली, की नसलेली वस्तू ‘आहे’ असा विश्वास देव निर्माण करू शकेल, पण तो विश्वास साक्षात ज्ञान नव्हे.